वाशीमच्या टेकड्यांवरून डोंगरी शर्यतीकडे: नकाशा, होकायंत्र आणि पायांची तयारी

वाशीम जिल्ह्यात पळणाऱ्या पोरापोरींची वानवा नाही. पहाटे कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर जा, पोलीस भरतीचे १६०० मीटर आणि मुलींचे ८०० मीटर घड्याळ लावून मारणारे गट रस्त्यावर दिसतात. त्यांच्या पायांत वेग आहे, छातीत दम आहे. पण अनोळखी रानात नकाशा हातात धरून, न थांबता, ठरलेली जागा नेमकी गाठायची कशी, हे त्यांना कोणी शिकवत नाही. ओरिएंटियरिंग हा अख्खा खेळ त्यावर उभा आहे. स्वीडनमध्ये १९१९ च्या सुमारास मेजर अर्न्स्ट किलँडर यांनी त्याला आजचं रूप दिलं, १९६१ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. ब्रिटनमध्ये १९६८ पासून त्याचाच थोरला भाऊ शोभेल अशी दोन दिवसांची डोंगरी मॅरेथॉन भरते: दोघांची जोडी, पाठीवर तंबू आणि शिधा, हातात नकाशा.

महाराष्ट्रात डोंगरी धावण्याची मोठी नावं पश्चिमेकडची आहेत. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून पावसाळ्यात होते, यवतेश्वरच्या घाटातून कासच्या रस्त्याला चढून त्याच वाटेने परत, २१ किलोमीटर. डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा ही गडांवरची अल्ट्रा असते, ११ किलोमीटरपासून १०० किलोमीटरपर्यंतच्या टप्प्यांत. या शर्यतींचा मार्ग आधी आखलेला असतो. तरी धुक्यात, अंधारात, दमलेल्या डोक्याने वाट ओळखता येणारा धावपटू तिथे पुढे राहतो. म्हणून माझं सांगणं असं की तयारी नकाशापासून सुरू करा. पायांची तयारी त्याच्या जोडीने होत जाते. आणि त्यासाठी सह्याद्रीत राहायला जाण्याची गरज नाही. मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर तालुक्यांतल्या मुरमाड टेकड्या पुरेशा आहेत.

आधी वर्षाचा बेत

आपल्याकडे रान कधी पळण्याजोगं असतं हे पीक ठरवतं. जूनच्या मध्यापासून शेतात सोयाबीन आणि तूर उभी असते, काळी माती बुटाला अशी चिकटते की पाय उचलवत नाही. म्हणून पावसाळ्यात रान सोडा आणि मुरमाच्या टेकडीवर किंवा डांबरी चढावर चढ-उतार मारा. साताऱ्याची शर्यतही त्याच दिवसांत असते, त्यामुळे हा मेळ चांगला बसतो. सोयाबीन निघालं की ऑक्टोबरपासून रान मोकळं होऊ लागतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे नकाशा घेऊन पळण्याचे खरे महिने. मार्च ते मे पहाटेच काय ते पळून घ्यायचं, उन्हं चढायच्या आत घरी यायचं आणि उरलेला वेळ नकाशा काढायला द्यायचा. पळस आणि साग तेव्हा निष्पर्ण असतात, गवत वाळून बसलेलं असतं, नाल्याचा प्रत्येक काठ आणि प्रत्येक दगड उघडा दिसतो. सुरुवात म्हणूनच गुढीपाडव्याच्या सुमारास करावी.

नकाशे जमवा

तीन प्रकारचे नकाशे लागतील. पहिला भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा. तो विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येतो. जुन्या क्रमवारीत वाशीमचं पत्रक ५५ एच या गटात येतं. यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरचं अंतर. दुसरा तुमच्या गावाचा गाव नकाशा. महाभूनकाशा या संकेतस्थळावर तो दिसतो. त्यात गट, नाले, पांदण रस्ते नेमके असतात, पण चढ-उताराची एकही रेघ नसते. तिसरा उपग्रहाचं चित्र. झाडी कुठे दाट, पडीक कुठे, शेततळं कुठे, हे त्यातूनच कळतं.

पहिल्या नकाशावर एक काम करा, त्याने समोच्च रेषा डोक्यात पक्क्या बसतील. वाशीमच्या उत्तरेला काटा गावाजवळ काटेपूर्णा उगम पावते. ती उत्तरेकडे जाऊन पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, तापी अरबी समुद्राला. इकडे दक्षिणेचं पाणी पैनगंगेत जातं, तिथून वर्धा आणि प्राणहितेतून गोदावरीत, म्हणजे थेट बंगालच्या उपसागरात. आपला जिल्हा या दोन खोऱ्यांच्या माथ्यावर बसलेला आहे. शिसपेन्सिल घ्या आणि नकाशावर तो माथा शोधत रेघ ओढत चला. अट एकच, रेघेने एकही नाला ओलांडता कामा नये. नाला ओलांडला की चुकलात. नाल्यावर समोच्च रेषेचं टोक उगमाकडे वळतं, सोंडेवर ते उताराकडे फुगतं, हे पुस्तकात दहा वेळा वाचूनही जे कळत नाही ते या एका रेघेत कळतं. नंतर मोटारसायकल काढून त्या माथ्यावरून जाणाऱ्या एखाद्या रस्त्यावर उभे राहा आणि दोन्हीकडचा उतार डोळ्यांनी पाहा. उतार इतका मंद आहे की नकाशा नसता तर तिथे माथा आहे असं कोणी म्हटलं नसतं.

गावात माजी सैनिक असेल तर त्याला गाठा. सैन्यात नकाशावाचन शिकवलेलं असतं, एनसीसीच्या अभ्यासक्रमातही ते आहे. अशा माणसाबरोबर टेकडीवर घालवलेली एक सकाळ फार मोलाची.

टेकडीचा मोठा नकाशा काढा

१:५०,००० चा नकाशा फिरायला ठीक, शर्यतीला अपुरा. साठ मीटर उंचीची टेकडी त्यात तीन रेषांत संपते. ओरिएंटियरिंगचा नकाशा रानासाठी १:१०,००० किंवा १:१५,००० चा असतो आणि रेषांमधलं अंतर साधारण ५ मीटर. तीच टेकडी तिथे बारा रेषांत उलगडते, मग तिच्यावरची घळ, खांदा, सपाटी सगळं दिसू लागतं.

असा नकाशा स्वतः काढता येतो. ओपन-ओरिएंटियरिंग मॅपर नावाचं विनामूल्य सॉफ्टवेअर संगणकावर आणि मोबाइलवर चालतं. या खेळाची ठरलेली चिन्हं त्यात तयार मिळतात. एक-दीड चौरस किलोमीटरचा तुकडा निवडा. त्यात एक टेकडी, दोन-तीन नाले, थोडी झाडी आणि चारही बाजूंना ओळखता येईल अशी हद्द हवी: डांबरी रस्ता, पांदण, कालवा किंवा मोठा नाला. खाली उपग्रहाचं चित्र ठेवून रस्ते, नाले, घरं, शेततळी आधी काढून घ्या. मग रानात जाऊन एकेक गोष्ट तपासा.

रंगांचे अर्थ ठरलेले आहेत. तपकिरी म्हणजे चढ-उतार, निळं म्हणजे पाणी, काळं म्हणजे खडक आणि माणसाने बांधलेलं. पिवळं म्हणजे मोकळं रान. पांढरं म्हणजे पळता येईल अशी झाडी आणि हिरवं जितकं गडद तितकी झाडी दाट. नवख्याची गफलत पांढऱ्यात होते, कारण पांढरा म्हणजे ओसाड असं त्याला वाटतं. सागाचं विरळ वन नकाशावर पांढरं, बोरी-बाभळीची जाळी गडद हिरवी. जाळीतून सरळ जाण्याचा मोह जोपर्यंत सुटत नाही तोपर्यंत हिरव्याचं महत्त्व पटत नाही.

नकाशात सगळं कोंबू नका. प्रत्येक झाड दाखवलं तर एकही झाड उपयोगाचं राहत नाही. माळावर एकटा उभा असलेला कडुलिंब दाखवा, बनातला कडुलिंब सोडून द्या. धुरे दाखवायचे तर ज्याच्यावर झाडं आहेत किंवा दगड रचलेले आहेत तेच.

होकायंत्र आणि पावलं

होकायंत्र पारदर्शक पट्टीचं घ्या, ज्याची डबी फिरते. युरोपातल्या अक्षांशांसाठी तोललेली सुई इथे एका बाजूला कलून घासते, म्हणून घेताना भारतीय विभागासाठी तोललेलं आहे का ते विचारा. वापर तीन हालचालींचा. पट्टीची कड आपल्या जागेपासून जायच्या जागेपर्यंत ठेवा, पुढचा बाण जायच्या दिशेला. डबी फिरवून तिच्या आतल्या रेघा नकाशाच्या उत्तर रेघांना समांतर करा. मग होकायंत्र छातीसमोर सपाट धरून स्वतः फिरा, सुईचं लाल टोक आतल्या बाणात बसेपर्यंत. आता नजर उचला, त्या दिशेला दूरचं एखादं झाड पकडा आणि त्याच्याकडे पळा. सुईकडे बघत पळणारा माणूस ठेचकाळतो.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक आपल्या भागात जेमतेम अंशभर आहे, तो सोडून दिला तरी चालतो. मोटारसायकल, लोखंडी फाटक आणि खिशातला मोबाइल मात्र सुई फिरवतात. काळ्या पाषाणातही चुंबकीय खनिजं असतात, म्हणून होकायंत्र खडकावर टेकवून दिशा घेऊ नये.

अंतर पावलांनी मोजायचं. डावा पाय टेकला की एक, असं १०० मीटरला किती होतात ते शाळेच्या मैदानावर टेप लावून मोजा. पळताना साधारण चाळीसच्या आसपास, चालताना साठच्या पुढेमागे. मग तेच नांगरटीत, गवतात आणि चढावर मोजा, आकडे बरेच वाढतील. हे आकडे चिकटपट्टीवर लिहून होकायंत्राच्या मागे लावा. शर्यतीत २५० मीटरवर नाल्याचा फाटा आहे म्हटल्यावर कुठे सावध व्हायचं ते यावरून कळतं.

नकाशा हातात घेऊन पळा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिले काही आठवडे चालतच करा. वेग आपसूक येईल. आधी वेग आणला तर चुकण्याची सवय लागते.

नकाशा हातात असताना तो जमिनीशी जुळलेला पाहिजे. तुम्ही वळलात की नकाशा हातात फिरला पाहिजे, अक्षरं उलटी दिसली तरी हरकत नाही. घडी घालून तो तळहाताएवढा करा आणि जिथे आहात तिथे अंगठा ठेवा. एखादी खूण ओलांडली की अंगठा पुढे सरकवा. पळता पळता नजर नकाशावर गेली की आपली जागा शोधत बसावं लागत नाही, अंगठा तिथे असतोच.

एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणाचा मार्ग उलटा ठरवायचा, शेवटाकडून सुरुवातीकडे. समजा शोधायचं ठिकाण एका छोट्या घळीत आहे. आधी पाहा की घळीच्या जवळ, शंभर-दीडशे मीटरवर, न चुकणारी मोठी खूण कोणती: पांदणीचं वळण, नाल्यांचा संगम, पाण्याची टाकी. तिथपर्यंत जोरात पळता येतं. तिथून पुढे वेग कमी करून, होकायंत्र लावून, पावलं मोजत जायचं. मग पाहा की त्या मोठ्या खुणेपर्यंत सोबत करणारी लांब रेघ कोणती. पांदण, धुरा, नाल्याचा काठ, विजेच्या तारांची ओळ, काहीही चालेल. तिचा हात धरून पळालं की नकाशाकडे वारंवार पाहावं लागत नाही. आणि तिसरं, आपण पुढे निघून गेलो तर थांबवणार कोण? घळीच्या पलीकडे रस्ता असेल तर रस्ता लागताच कळतं की जागा मागे राहिली.

आणखी एक युक्ती लांब रेघेवरच्या ठिकाणासाठी. नाल्यातला एक डोह गाठायचा आहे आणि तुम्ही सरळ डोहावर दिशा लावली. नाल्यावर पोचलात, डोह नाही. आता डावीकडे जायचं की उजवीकडे? कळायला मार्ग नाही. म्हणून दिशा मुद्दाम थोडी डावीकडे लावा. नाला लागला की डोह उजवीकडेच असणार, विचार न करता वळा.

चढावरून जायचं की वळसा घालायचा, याला हिशेब आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला: सुमारे ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यावरून १०० मीटर चढ म्हणजे साधारण ८०० मीटर सपाट धाव असं धरतात. टेकडीवरून सरळ १ किलोमीटर आणि चढ ८० मीटर, म्हणजे हिशेबात १६४० मीटर. पायथ्याने पांदणीतून वळसा १५०० मीटर. वळसा घ्या. पांदणीत पाय मोकळे पडतात, चुकायची भीतीही कमी.

चुकलात तर काय? सगळेच चुकतात, फरक पडतो तो पुढच्या दोन मिनिटांत. थांबा. नकाशा उत्तरेला लावा. शेवटची पक्की माहीत असलेली जागा कोणती, तिथून किती वेळ आणि कुठल्या दिशेला पळालो, वाटेत काय काय लागलं, हे स्वतःला विचारा. आजूबाजूला दिसतंय ते नकाशात शोधा. उलट करू नका, म्हणजे नकाशात आहे ते आजूबाजूला शोधू नका, कारण दमलेलं डोकं हवं ते दाखवतं. दोन मिनिटांत जुळलं नाही तर सरळ मोठ्या खुणेकडे मागे फिरा.

सरावासाठी एक जोडीचा प्रकार सांगतो. एकाने नकाशा धरून पुढे पळायचं, दुसऱ्याने नकाशाशिवाय मागे. पाच मिनिटांनी पुढचा थांबतो आणि नकाशा मागच्याच्या हातात देतो. त्याने बोट ठेवून आपण कुठे आहोत ते सांगायचं. ज्याला सांगता येतं तो जमीन वाचत पळालेला असतो.

पायांचं काम

आठवड्यात तीन दिवस महत्त्वाचे, बाकी दिवस हलकी धाव किंवा विश्रांती. एक दिवस टेकडीचा. साठ मीटर चढाची टेकडी धरा. सुरुवातीला चार वेळा वर-खाली, दर आठवड्याला एक-दोन वाढवत दहापर्यंत. दहा फेऱ्यांत ६०० मीटर चढ होतो. साताऱ्याचा चढ मात्र लांबलचक आहे, आपला तुटक. ही उणीव भरायला दुसऱ्या दिवशी २५ ते ४० मिनिटं अशा वेगाने पळा की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येणार नाही. तिसरा दिवस लांब धावेचा, नकाशासह, दीड तासापासून तीन तासांपर्यंत. दर चौथ्या आठवड्याला सगळंच कमी करा.

तीव्र चढावर पळण्याचा हट्ट नको. हात गुडघ्याच्या वर मांडीवर टेकवून लांब पावलांनी चालणारा माणूस तिथे पळणाऱ्याइतकाच वर जातो आणि माथ्यावर ताजा पोचतो. भरतीची पोरं इथेच दम घालवतात, कारण त्यांना चालणं म्हणजे हार वाटते.

उतार खरा शिकावा लागतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंना उतारावर मार बसतो आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. पावलं छोटी आणि झटपट, नजर चार-पाच मीटर पुढे, हात पसरलेले, टाच रोवून ब्रेक लावणं टाळा. सुट्या मुरमावर पाय सरकणारच, तो सरकू द्या आणि पुढचं पाऊल लगेच टाका. शेवटचा जबर उताराचा सराव शर्यतीच्या दहा-बारा दिवस आधी संपवा. घरी पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरण्याचा आणि टाचा उचलण्याचा व्यायाम आठवड्यात दोनदा करा. घोटे टिकले तर पुढचं सगळं शक्य आहे.

बुटाचा तळ गुळगुळीत नसावा, एवढं पाळा. बाभळीचा काटा पातळ तळातून सरळ वर येतो, म्हणून खिशात लहान चिमटा ठेवा. दिवाळीनंतर माळावरची कुसळं मोज्यात रुततात आणि प्रत्येक पावलाला टोचत राहतात. पोटरीपर्यंतचे घट्ट विणीचे मोजे किंवा बुटावर कापडी पट्टी हा त्यावर उपाय.

रानातले धोके आणि परवानग्या

हे वाचून सोडून देऊ नका. आपल्या शिवारात कठडा नसलेल्या विहिरी आहेत, गवतात त्या दहा पावलांवरूनही दिसत नाहीत. शेततळ्याचा प्लास्टिकचा उतार ओला असला की पोहणारा माणूसही बाहेर येऊ शकत नाही. नकाशा काढताना प्रत्येक विहीर आणि शेततळं नोंदवा आणि त्याच्या शंभर मीटरच्या आत शोधायचं ठिकाण ठेवू नका. रानडुक्कर आणि रोह्यांपासून पीक राखायला शेताभोवती तार ओढलेली असते. काही ठिकाणी झटका मशीन असतं, काही ठिकाणी चोरून थेट वीज सोडलेली असते. तार दिसली की वळसा. अंधारात शेतातून पळायचंच नाही.

साप चावला तर धावपळ थांबवा, चावलेला भाग हलू देऊ नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. उन्हात कोणी बरळू लागला किंवा भेलकांडू लागला तर सावलीत निजवून अंगावर पाणी ओता, वारा घाला, मग गाडी बोलवा.

खासगी शेतात मालकाला विचारून, ई-क्लास जमिनीवर ग्रामपंचायतीला सांगून, वनजमिनीवर वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या परवानगीनेच पाऊल टाका. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य सरावासाठी नाहीच, काळविटांच्या कळपात पळणारी माणसं घुसवू नयेत. उभ्या पिकातून एकही माणूस गेला तर पुढच्या वर्षी ते शिवार तुम्हाला बंद होईल. धुऱ्यावरचा माणूस विचारेलच, "काय शोधून राह्यले भाऊ?" थांबून नकाशा दाखवा. त्याला त्यात स्वतःचं शेत सापडलं की तो तुमच्या बाजूचा होतो, आणि नाल्याचं नाव, बुजलेली विहीर, बंद झालेली वाट तोच सांगतो.

गावातली पहिली शर्यत

पांढरा आणि नारिंगी असा तिरका विभागलेला ३० सेंटिमीटर चौरसाचा झेंडा, हे या खेळाचं निशाण. शिंप्याकडून शिवून घ्या. आठ-दहा ठिकाणं पुरेत, प्रत्येकाला क्रमांक. रिवाजाप्रमाणे ते ३१ पासून सुरू होतात, म्हणजे ठिकाणाच्या क्रमाशी घोटाळा होत नाही. नकाशावर सुरुवातीला त्रिकोण, प्रत्येक ठिकाणाला वर्तुळ, शेवटाला दुहेरी वर्तुळ, सगळं जांभळ्या रंगात. झेंड्याजवळ वेगवेगळ्या नक्षीचे छिद्रक बांधा, धावपटूने आपल्या पत्रकावर छिद्र पाडून न्यायचं. झेंडा लपवायचा नाही. ठिकाण गाठलं की तो दिसला पाहिजे, कस ठिकाण गाठण्याचा आहे.

एकेकाला दोन-तीन मिनिटांच्या अंतराने सोडा म्हणजे कोणी कोणाच्या मागे पळत नाही. परतायची शेवटची वेळ सगळ्यांना पाठ हवी आणि शेवटाला आलेल्यांची नावं मोजून घ्या. जो शर्यत अर्धवट सोडेल त्यानेही शेवटाला येऊन हजेरी द्यायची, नाहीतर रात्री रान धुंडाळावं लागतं. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी: मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा वाजवायची.

दोन दिवसांच्या शर्यतीची तयारी

सुरुवातीला सांगितलेल्या जोडीच्या डोंगरी मॅरेथॉनसारख्या शर्यतीसाठी जोडीदार आपल्याच वेगाचा निवडा. शर्यतभर दोघांनी एकत्र राहायचं असतं. पाठीवर तंबू, झोपायची पिशवी, चूल, दोन दिवसांचा शिधा, पावसाचं जाकीट, डोक्याचा दिवा, प्रथमोपचार. जीपीएसला बंदी. बोजा सहा-सात किलोच्या आत बसवायचा तर प्रत्येक वस्तू तराजूवर ठेवा. हिवाळ्यात शेतमालकाच्या परवानगीने एखाद्या मळ्यावर मुक्काम ठेवून शनिवार-रविवार असा सराव करा. पहिल्या दिवशी चार तास, दुसऱ्या दिवशी तीन. दुसऱ्या सकाळी आखडलेल्या पायांनी आणि गार हातांनी नकाशा उलगडून विचार करणं, एवढ्यासाठी तो मुक्काम.

खाणं आपल्या घरचंच उत्तम. गूळ-शेंगदाण्याचे लाडू, खारीक, फुटाणे, चिक्की पळताना, दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. मुक्कामाला भाकरी आणि पिठल्याचं कोरडं पीठ, पाणी उकळलं की दहा मिनिटांत जेवण. नुसतं पाणी ढोसत राहू नका. एक लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती पेय भरवशाचं. नवीन पदार्थ आणि नवीन बूट शर्यतीच्या दिवशी कधीच नको.

शर्यतीचा दिवस

साताऱ्याला किंवा गडांच्या शर्यतीला जात असाल तर रात्रभर बसमध्ये बसून सकाळी सुरुवातीच्या रेघेवर उभं राहू नका, एक दिवस आधी पोचा. नोंदणी काही महिने आधी होते, तारखांवर लक्ष ठेवा. साताऱ्यात पहिला निम्मा भाग मुख्यतः चढाचा आहे, तिथे हात राखून चढा. उतारावर वेळ भरून निघते, पण मांड्या शाबूत असतील तरच.

नकाशाच्या शर्यतीत नकाशा हातात पडताच पळू नका. उत्तर लावा, त्रिकोण शोधा, पहिल्या ठिकाणाचा मार्ग ठरवा, मग पाय उचला. पहिलं ठिकाण मुद्दाम सावकाश गाठा. झेंडा दिसला की क्रमांक जुळवून पाहा, शेजारच्या ठिकाणाचं छिद्र पडलं तर अख्खी धाव बाद. छिद्र पाडायच्या आधी पुढची दिशा ठरलेली असावी, म्हणजे झेंड्याजवळ उभं राहावं लागत नाही.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी नकाशावर आपण प्रत्यक्ष गेलो तो मार्ग लाल पेनाने काढा. जिथे वेळ गेला तिथे किती मिनिटं गेली आणि का, ते शेजारी लिहा. असे नकाशे एका फायलीत ठेवा, पुढच्या शर्यतीआधी तीच उजळणी.

शाळा-महाविद्यालयांचे क्रीडाशिक्षक, एनसीसीचे अधिकारी आणि भरतीची केंद्रं चालवणारे यांना एक विनंती. यंदाच्या उन्हाळ्यात आपापल्या गावाजवळच्या एका टेकडीचा १:१०,००० चा नकाशा काढून घ्या. दिवाळीनंतर रान मोकळं झालं की पहाटेच्या त्या गटांना एका रविवारी घड्याळाऐवजी तो नकाशा हातात द्या.